जहाज, विमान, मोटार आणि रावळगावची गोळी

किराणा दुकानात सुटे पैसे नसले की दुकानदार बरणीत हात घालून रावळगावच्या दोन गोळ्या हातावर ठेवायचा. ती आठवण महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत अजून असेल. मुंबईत टॅक्सीला हात केला की समोर येऊन थांबायची ती काळी-पिवळी प्रीमिअर पद्मिनी, हेही अनेकांना आठवत असेल. गावच्या ओढ्यावर सिमेंटचे जाडजूड नळ टाकून रस्ता केलेला असतो. त्या नळांना खेड्यातला माणूसही ह्यूम पाइप म्हणतो. बंगलोरला विमानांचा कारखाना आहे आणि विशाखापट्टणमला जहाजे बांधण्याची गोदी आहे, हे तर आपण शाळेच्या पुस्तकातच वाचलेले असते.

गोळी, टॅक्सी, सिमेंटचा नळ, विमान आणि जहाज. या पाच गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. पण यांचा उगम शोधत मागे गेलो, की आपण सोलापूरच्या एका पेढीवर येऊन पोचतो. त्या पेढीवरच्या मुलाचे नाव वालचंद हिराचंद दोशी.

शेतमालाचा व्यापार, सावकारी, बांधकामाचा ठेका, जलवाहतूक, साखर, यंत्रे, विमाने, मोटारी असे उद्योगधंद्यांचे जेवढे म्हणून प्रकार अर्थशास्त्राच्या पुस्तकात सांगतात, त्यातले बहुतेक या एका माणसाने आयुष्यात हाताळले. त्यामुळे त्यांचे चरित्र वाचताना कोणता धंदा कशावर चालतो आणि कशावर अडतो, हेही आपोआप कळत जाते.

पेढी नको, ठेका हवा

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. दोशी कुटुंब मूळचे सौराष्ट्रातले, दिगंबर जैन. व्यापाराच्या निमित्ताने ते दक्षिणेत आले आणि इथलेच झाले. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई गेली. वडील हिराचंद धर्मनिष्ठ, गावात मान असलेले. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. सोलापूर तेव्हा गिरण्यांचे गाव म्हणून वाढू लागले होते. वालचंद मॅट्रिक झाले, मुंबईला सेंट झेव्हिअर्समध्ये आणि पुण्याला डेक्कन कॉलेजात शिकले. पण पदवी न घेताच ते घरी परतले आणि पेढीवर बसले.

पेढीचा धंदा म्हणजे काय? स्वस्तात घ्यायचे, महागात विकायचे आणि मधल्या काळात पैसा व्याजाने फिरवायचा. यात अक्कल लागते, धीर लागतो, पण नवीन काही उभे राहत नाही. कापसाची गाठ एका हातातून दुसऱ्या हातात जाते, एवढेच. तरुण वालचंदांचे मन त्यात रमेना.

याच सुमारास त्यांची गाठ लक्ष्मण बळवंत फाटक यांच्याशी पडली. फाटक रेल्वेत कारकून होते. निविदा कशा निघतात, दर कसे भरायचे, बिल कुठल्या टेबलावर अडते, हे सगळे त्यांना तोंडपाठ. त्यांच्याजवळ भांडवल तेवढे नव्हते. वालचंदांच्या मागे पेढीची पत होती. सोलापूर जिल्ह्यात बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १८९७ पासून धावत होती आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिचे फाटे वाढत होते. त्या वाढीव मार्गातला एक तुकडा बांधण्याचा ठेका ही या जोडीची पहिली मोठी कमाई. मराठी कारकुनाची माहिती आणि गुजराती पेढीचा पैसा यांची ही भागीदारी फाटक-वालचंद या नावाने चालली.

ठेकेदारी हा व्यापारापेक्षा अगदी वेगळा प्रकार. इथे माल आधी विकलेला असतो आणि नंतर बनवायचा असतो. दर ठरलेला, मुदत ठरलेली. दगड महागला, पाऊस लांबला, मजूर पळाले, तर तोटा ठेकेदाराचा. सरकारचे बिल महिन्यांनी निघते, पण मजुराला आठवड्याचा पगार आठवड्यालाच लागतो. म्हणजे हा धंदा नफ्यापेक्षा रोख पैशाच्या ओढाताणीत जास्त बुडतो. वालचंद त्यात तरले ते दोन गोष्टींवर. काम जागेवर उभे राहून करून घेण्याची त्यांना सवय होती, आणि बँकेत व बाजारात पत होती.

पहिल्या महायुद्धात लष्करी बांधकामांना भरती आली आणि ठेकेदारांचे दिवस पालटले. युद्ध संपता संपता वालचंद सोलापूरचे न राहता मुंबईचे झाले होते. १९२० मध्ये टाटांच्या साथीने टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली. मुंबई-पुणे मार्गावर बोरघाटातले रेल्वेचे बोगदे आणि तानसा तलावाचे पाणी मुंबईला आणणारी नळवाहिनी ही कामे तिच्याच खात्यावर आहेत. पुण्याला जाताना गाडी बोगद्यात शिरली की मुले खिडकीशी ओरडतात. त्या काळोखाच्या हिशेबाच्या वह्या वालचंदांच्या कचेरीत लिहिल्या गेल्या.

१९२६ मध्ये त्यांनी आणखी दोन कंपन्यांचा पाया घातला. एक हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी आणि दुसरी इंडियन ह्यूम पाइप. पुढे स्वतंत्र भारतात कोयनेचे धरण आणि २००९ मध्ये खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू बांधणारी कंपनी ती हीच हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन. दुसरीने सिमेंटचे नळ घरोघर आणि शेतोशेत पोचवले. एक ठेक्याचा धंदा आणि दुसरा त्या ठेक्याला लागणारा माल बनवण्याचा धंदा. एका उद्योगाच्या पोटात दुसरा कसा जन्मतो, त्याचे हे साधे उदाहरण.

लॉयल्टी निघाली

बोगदे खणणाऱ्या माणसाला समुद्राची ओढ का लागावी, हे कोडेच आहे. पण १९१९ च्या सुरुवातीला वालचंदांच्या कानावर आले, की ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचे एक जहाज विकाऊ आहे. हे जहाज पूर्वी कॅनडाच्या एका कंपनीकडे होते. युद्धात शिंदे महाराजांनी ते विकत घेऊन इस्पितळ-जहाज म्हणून दिले आणि त्याचे नाव लॉयल्टी ठेवले. लॉयल्टी म्हणजे राजनिष्ठा. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लुभाई सामळदास अशा मुंबईच्या मातबरांना गोळा केले आणि जहाज घेतले. शिंद्यांच्या नावावरूनच कंपनीचे नाव पडले, सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी. राजनिष्ठा हे नाव मिरवणाऱ्या जहाजाने इंग्रजी मक्तेदारीला आव्हान द्यावे, हा त्यातला योगायोग.

५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली. वालचंद स्वतः तिच्यावर होते. स्वतंत्र भारतात १९६४ पासून हाच दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

आता जलवाहतूक हा कोणता प्रकार ते पाहा. हा सेवेचा धंदा. बोट माल बनवत नाही, माल पोचवते. पण या सेवेचे दार ज्याच्या हातात, त्याच्या हातात सगळा व्यापार. तांदूळ, कोळसा, कापूस, मीठ यांचे भाडे कोण ठरवणार, हा प्रश्न शेवटी शेतकऱ्याच्या पदरात किती पडणार इथपर्यंत येतो. हिंदुस्थानचा किनारा हजारो मैलांचा, पण त्यावर हुकमत ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशनची आणि परदेशी वाटांवर पी अँड ओ कंपनीची. मध्ये पाय घालणाऱ्यांचे काय होते, हेही सर्वांना ठाऊक होते. जमशेटजी टाटांनी १८९४ च्या सुमारास जपानच्या वाटेवर बोटी सोडल्या. समोरच्यांनी भाडे इतके पाडले की टाटांना त्या बंद कराव्या लागल्या. १९०६ मध्ये तुतिकोरीनला चिदंबरम पिळ्ळै यांनी स्वदेशी बोट कंपनी काढली. तिच्याविरुद्ध इंग्रजी कंपनीने लोकांना फुकट प्रवास दिला आणि वर छत्र्याही वाटल्या, असे सांगतात. पिळ्ळै तुरुंगात गेले आणि कंपनी बुडाली.

सिंदियाच्या वाट्यालाही तेच आले. भाडी धडाधड उतरू लागली. युद्धानंतरची तेजी ओसरली आणि वाहतुकीचा बाजार कोसळला. लॉयल्टी हे जहाज तर वयाने थकलेलेच होते. ते पुढे मोडीत काढावे लागले. ब्रिटिश इंडियाचे सर्वेसर्वा लॉर्ड इंचकेप यांनी सिंदिया विकत घेण्याचा प्रस्ताव ठेवला. तो नाकारला गेला. पण टिकायचे तर तडजोड करावी लागली. १९२३ च्या कराराने सिंदियाला दहा वर्षांसाठी हात बांधून घ्यावे लागले. जहाजांचे एकूण टनेज मर्यादित, फक्त किनाऱ्यावरची मालवाहतूक, उतारू घ्यायचे नाहीत, परदेशी वाटेवर जायचे नाही. वालचंदांच्या मनाला हा करार सलत राहिला. पण जिवंत राहणे हीच त्या घडीची कमाई होती. याआधीच्या कंपन्यांना तेवढेही जमले नव्हते.

१९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी गेले आणि सिंदियाचे अध्यक्षपद वालचंदांकडे आले. ते त्यांनी १९५० पर्यंत सांभाळले. देशाच्या किनाऱ्यावरची वाहतूक देशी जहाजांसाठी राखून ठेवा, अशी मागणी त्यांनी लावून धरली. १९२८ मध्ये सराभाई हाजी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात तसे विधेयक आणले. त्याचा कायदा झाला नाही. पण जगातले इतर देश आपला किनारा राखतात आणि आपल्याला ते का करता येत नाही, हा प्रश्न त्यामुळे वर्तमानपत्रांतून घरोघर पोचला.

कराराची मुदत संपल्यावर सिंदियाने एकेक दार उघडले. हज यात्रेकरूंसाठी बोटी सुरू झाल्या. १९३९ मध्ये बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी ताब्यात आली आणि कोकणकिनाऱ्याच्या उतारू बोटी सिंदियाच्या छत्राखाली आल्या. शिमग्याला किंवा मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून ट्रंक, वळकटी आणि पोरेबाळे घेऊन बोटीत चढणारा चाकरमानी, बंदरात पडाव लागायची वाट पाहणारी त्याची आई, आणि बोट लागून हैराण झालेली मंडळी. कोकणातल्या जुन्या घरांत या गोष्टी अजून सांगतात. या बोटींमागे दिल्ली-लंडनपर्यंत चाललेला केवढा झगडा होता, याची त्या प्रवाशांना कल्पना असायचे कारण नव्हते.

माळावरची साखर

वालचंदांच्या उद्योगांत महाराष्ट्राच्या मातीला सर्वांत जवळचा उद्योग साखरेचा. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगावला त्यांनी जमीन घेतली. तसेच पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातल्या कळंबला मोठा ऊसमळा उभा केला. दोन्ही जागा त्या काळी माळरानच. दगड फोडून, पाणी आणून, चर खणून त्या लागवडीखाली आणल्या. १९३२ मध्ये सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसवली आणि देशभर साखर कारखान्यांचे पेव फुटले. रावळगाव आणि कळंब या दोन्ही ठिकाणी १९३३-३४ च्या सुमारास कारखाने उभे राहिले. कळंबच्या वसाहतीचे नाव वालचंदनगर पडले. तिथे शाळा आली, दवाखाना आला, वीज आली. रावळगावला पुढच्या दशकात साखरेबरोबर गोळ्याही बनू लागल्या.

शेतीवर आधारलेल्या उद्योगाचे एक वैशिष्ट्य असते. बोगद्याला दगड कुठूनही येतो, पण तोडलेला ऊस चोवीस तास ठेवला तरी त्यातली साखर उतरू लागते. म्हणून कारखाना उसाच्या दारात असावा लागतो आणि उसाचा पुरवठा हुकमी असावा लागतो. वालचंदांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे कारखान्याची स्वतःची शेती. त्यासाठी काही जमिनी विकत घेतल्या, काही शेतकऱ्यांकडून खंडाने घेतल्या.

उत्पादनाच्या दृष्टीने ही व्यवस्था उत्तम होती. पण जमिनीचा मूळ मालक तिच्यात कुठे होता, हा प्रश्न राहिलाच. ज्याने जमीन खंडाने दिली त्याला ठरलेला खंड मिळे. त्याच्या रानातला ऊस गोड झाला म्हणून त्याचे उत्पन्न वाढत नसे. पुढे १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने साखर कंपन्यांच्या जमिनी सरकारकडे गेल्या, १९६३ मध्ये शेती महामंडळ निघाले, आणि आपल्या वाडवडिलांची जमीन परत मिळावी म्हणून खंडकरी शेतकऱ्यांना पन्नास वर्षे झगडावे लागले. हा दोष एकट्या वालचंदांचा म्हणता येणार नाही. सगळ्याच खासगी साखर कंपन्यांची ही रीत होती. पण त्यांच्या कर्तृत्वाचा हिशेब मांडताना हे खाते कोरे ठेवता येणार नाही.

याच प्रश्नाचे दुसरे उत्तर १९५० च्या सुमारास प्रवरानगरला मिळाले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. यंत्रे तीच, ऊस तोच. फक्त मालक बदलला आणि धंद्याचा प्रकारच बदलून गेला. वालचंदनगरने महाराष्ट्राच्या माळावर साखर होऊ शकते हे दाखवले होते. ती कोणाची असावी, हे प्रवरेने दाखवले.

मोटार आणायला गेले, विमान घेऊन आले

तिसऱ्या दशकाच्या अखेरीपासून वालचंदांच्या नावाला दिल्लीत वजन आले होते. १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना त्यांच्याच पुढाकाराने झाली. त्यामागे मराठी मुलखातल्या व्यापारी-कारखानदारांना एक व्यासपीठ मिळावे हा हेतू होता. १९३२-३३ मध्ये ते देशातल्या व्यापारी महासंघाचे, म्हणजे फिक्कीचे अध्यक्ष होते. १९३५ मध्ये टाटा बांधकाम कंपनीतून बाहेर पडले आणि ती प्रीमिअर कन्स्ट्रक्शन या नावाने वालचंदांकडे आली. आता त्यांच्या डोक्यात मोटारी होत्या.

मोटारीच्या कारखान्याची योजना सर विश्वेश्वरय्यांनी आधीच आखली होती. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले, त्याचीही तिला अनुकूलता होती. पण १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, आणि ब्रिटिश सरकारने मोटारीचा उद्योग युद्धाला आवश्यक मानायला नकार दिला. वालचंद अमेरिकेला गेले. तिथे क्रायस्लर कंपनी सहकार्याला तयार झाली.

त्याच वर्षी अमेरिकेहून पॅसिफिकवरून परत येताना पॅन अमेरिकनच्या विमानात त्यांना विल्यम पॉली नावाचा अमेरिकन गृहस्थ भेटला. हा गृहस्थ चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होता. त्या प्रवासात दोघांचे बोलणे झाले आणि हिंदुस्थानात विमाने बनवायची कल्पना पक्की झाली. मोटारीसाठी गेलेला माणूस विमानाची योजना खिशात घालून परत आला.

विमानाच्या कारखान्याला जागा हवी, वीज हवी, आणि सर्वांत मुख्य म्हणजे पाठीशी एखादे सरकार हवे. ते म्हैसूर संस्थानाच्या रूपाने मिळाले. दिवाण मिर्झा इस्माईल यांनी जमीन दिली आणि संस्थानाचा पैसाही घातला. २३ डिसेंबर १९४० रोजी बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी नोंदली गेली. पुढच्या वर्षी हिंदुस्थान सरकारही भागीदार झाले आणि १९४१ मध्येच इथे जुळवलेले हार्लो जातीचे पहिले शिकाऊ विमान आकाशात उडाले. कारखान्याची नोंदणी आणि पहिले उड्डाण यांत वर्षाचेही अंतर नव्हते.

आणि इथेच तो धक्का बसला. जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या. इतका नाजूक कारखाना खासगी माणसाच्या हातात ठेवणे सरकारला परवडेना. १९४२ मध्ये सरकारने वालचंद आणि त्यांच्या सोबत्यांचे भाग विकत घेतले. पैसे मिळाले, पण कारखाना गेला.

याच धामधुमीत विशाखापट्टणमची गोदी उभी राहत होती. जहाजे चालवायची तर ती बांधताही आली पाहिजेत, हा वालचंदांचा जुना हट्ट. कलकत्त्याला जागा मिळेना, म्हणून ते आंध्र किनाऱ्याकडे वळले. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पायाभरणी झाली. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले. काम खोळंबले, रेंगाळले, पण थांबले नाही. १४ मार्च १९४८ रोजी पंतप्रधान पंडित नेहरूंच्या हस्ते जलउषा हे आठ हजार टनी जहाज पाण्यात सोडले गेले. लॉयल्टी निघाली त्याला २९ वर्षे होत आली होती. तेव्हा दुसऱ्याचे जुने जहाज विकत घ्यावे लागले होते. आता आपल्या गोदीतून आपले जहाज उतरत होते.

मोटारीचे स्वप्नही मागे राहिले नाही. १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. तोपर्यंत बिर्लांची हिंदुस्थान मोटर्सही मैदानात आली होती. पुढे प्रीमिअरने इटलीच्या फियाटशी करार केला आणि त्या झाडाला पद्मिनीचे फळ लागले.

नेमके कुठे अडले?

हे सगळे वाचल्यावर एक प्रश्न मनात येतो. ठेका, नळ, साखर या धंद्यांत वालचंद पुढे जात राहिले. जहाज, विमान, मोटार या धंद्यांत मात्र प्रत्येक पावलाला ठेच लागली. माणूस तोच, बुद्धी तीच. मग फरक कशाचा?

फरक धंद्याच्या प्रकाराचा. पहिल्या प्रकारात भांडवल, मेहनत आणि बाजार असला की भागते. दुसऱ्या प्रकारात सरकारचा हात लागतोच. समुद्रावरचा हक्क, विमानतळाची जमीन, परदेशी यंत्रांचा परवाना, जकातीचे संरक्षण हे कोणी एकटा व्यापारी आपल्या तिजोरीतून विकत घेऊ शकत नाही. साखरेचा धंदा फुलला तोदेखील १९३२ च्या जकातीनंतर. स्वराज्याची मागणी आणि कारखान्याची मागणी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे वालचंदांना सभेतल्या भाषणांवरून कळले नव्हते. ते त्यांना तोट्याच्या ताळेबंदातून कळले होते.

गंमत म्हणजे स्वराज्य आल्यावरही त्यांची अवजड उद्योगांवरची मालकी टिकली नाही. विशाखापट्टणमची गोदी चालवणे सिंदियाला पेलेना. १९५२ मध्ये सरकारने तिच्यात मोठा हिस्सा घेतला आणि पुढे १९६१ मध्ये ती पूर्ण सरकारी झाली. विमानाचा कारखाना परक्या सरकारने घेतला, गोदी आपल्या सरकारने. इतका प्रचंड आणि इतक्या उशिरा फळ देणारा उद्योग खासगी पैशावर उभा राहणे त्या काळात अवघडच होते, हेही यातून दिसते.

वालचंदांचेही काही चुकले. एका धंद्याची घडी बसते न बसते तोच ते दुसऱ्यात उडी घेत. एका कंपनीच्या पतीवर दुसरी आणि दुसरीच्या पतीवर तिसरी उभी करण्याची त्यांची पद्धत होती. मॅनेजिंग एजन्सीच्या त्या जमान्यात थोडे भाग हातात ठेवून मोठ्या कंपन्यांचा कारभार घराण्याकडे ठेवता येई, आणि त्यावर भागधारकांत टीकाही होई. साहस आणि धाडस यांतली रेघ त्यांनी अनेकदा ओलांडली. पण पेढीवर बसून हिशेब पाहणाऱ्या माणसाने लॉयल्टी घेतलीच नसती, हेही तितकेच खरे.

शेवटची वर्षे

१९४९ मध्ये वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. आयुष्यभर आगगाडीत, बोटीत आणि विमानात वावरलेला माणूस अंथरुणाला खिळला. १९५० मध्ये त्यांनी कामातून अंग काढून घेतले. कारभार गुलाबचंद, लालचंद या भावांकडे आणि पुढच्या पिढीकडे गेला. पत्नी कस्तुरबाई अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा करत होत्या. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या वेळी देशाच्या किनाऱ्यावरची सुमारे एकपंचमांश मालवाहतूक सिंदियाकडे होती. दोन वर्षांनी सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला त्यांचे नाव देण्यात आले. सोलापुरातही त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. या दोन ठिकाणांहून बाहेर पडलेल्या हजारो मुलांच्या प्रमाणपत्रावर ते नाव छापलेले असते. त्यातल्या कितीजणांना त्या नावामागची हकीकत माहीत असते, कोण जाणे.

आज मागे वळून पाहिले तर काय दिसते? सिंदियाच्या बोटी केव्हाच थांबल्या. कोकणात आता रेल्वेने जातात. कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी बंद झाली, आणि मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. तेव्हा लोकांनी तिच्याबरोबर फोटो काढून घेतले. २०२४ च्या फेब्रुवारीत रावळगावच्या गोळ्यांची नावे आणि कृती सत्तावीस कोटी रुपयांना एका बड्या उद्योगसमूहाने विकत घेतली. बंगलोरचा विमान कारखाना आणि विशाखापट्टणमची गोदी मात्र चालू आहेत. दोन्ही सरकारी आहेत आणि दोन्ही देशाच्या संरक्षणाचे काम करतात. म्हणजे जे त्यांच्या हातून गेले, तेच सर्वांत मोठे होऊन टिकले.

मराठी घरांत मुलाने नोकरी करावी की धंदा, हा वाद अजून जेवणाच्या पानावर होतो. धंदा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दुकानाचा गल्ला येतो. पण धंद्याचे प्रकार किती, आणि प्रत्येकाला लागणारी छाती किती वेगळी, याचा विचार त्या वादात क्वचित होतो. दुकानाला भांडवल लागते, ठेक्याला धावपळ, कारखान्याला धीर, आणि जहाजबांधणीसारख्या उद्योगाला आपल्या हयातीत फळ मिळेलच असे नाही हे पत्करायची तयारी. वालचंदांनी हे सगळे प्रकार एकामागून एक करून पाहिले. काहींत पैसा मिळवला, काहींत फक्त वाट मोकळी करून दिली.

दर वर्षी ५ एप्रिलला सागरी दिन येतो आणि तीन दिवसांनी त्यांची पुण्यतिथी. त्या दिवसांत बोरघाटातून गाडीने जायचा योग आला, तर बोगद्याचा काळोख संपेपर्यंत मुलांना सोलापूरच्या त्या पेढीवरच्या मुलाची गोष्ट सांगायला हरकत नाही. गोष्ट मोठी आहे. पण घाटात बोगदेही काही थोडेथोडके नाहीत.